भाऊ नुसता ओरडतोय, बहीण नुसती रडतेय: टॅरो घेऊन कथा लिहिणाऱ्या मैत्रिणीला

(पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय.)

'ताई, नमस्कार. मी सांगलीची, वय ३६, पतसंस्थेत नोकरी करते. कॉलेजात कथा लिहायचे, नंतर संसारात ते मागे पडलं. यंदा दिवाळी अंकाला एक कथा द्यायचीच असं ठरवलंय. वडील गेल्यावर कोकणातलं बंद घर विकायचं की ठेवायचं यावरून भावाबहिणीत ताणाताणी, असा विषय आहे, पण थोडी पानं झाली आणि गाडी अडकली. मैत्रिणीने टॅरोचा डेक दिला, म्हणजे भविष्य बघायला वापरतात तो चित्रांच्या पत्त्यांचा संच, रायडर वेट म्हणतात तो. म्हणाली यातनं आयडिया सुचतात. मी कार्ड काढते, सोबतच्या पुस्तिकेत अर्थ बघते आणि तो कथेत घालते. भावाला वाँड्स आलं, काठ्यांच्या संचातलं, म्हणजे अग्नी, म्हणून तो रागीट केला. बहिणीला कप्स, पेल्यांच्या संचातलं, म्हणजे पाणी, म्हणून ती हळवी. आता भाऊ नुसता ओरडतोय आणि बहीण नुसती रडतेय. बहिणीसाठी परत काढलं तर डेथ आलं, तिला मारू का? सासूबाई म्हणतात असले पत्ते घरात नकोत, अशुभ असतात. माझा सख्खा भाऊ अंनिसच्या कार्यक्रमांना जातो, तो म्हणतो शिकल्यासवरल्या बाईने हे काय चालवलंय. आणि मला स्वतःला हे खातंय की पत्त्यांवरून सुचलेली कथा आपली असते का? शेवटचं, कार्ड उलटं आलं तर काय करायचं?'
एक अडकलेली

अगं, तुझी कथा अडकलीय ती पत्त्यांमुळे नाही, त्या पुस्तिकेमुळे. तू चित्र बघतच नाहीयेस. कार्ड काढलं की डोळे लगेच पुस्तिकेकडे, तिथे 'विरह, नैराश्य, नवी सुरुवात' असलं काहीतरी छापलेलं असतं, आणि ते दोनतीन शब्द उचलून तू पात्राच्या अंगावर चिकटवतेस. म्हणजे गणित न सोडवता गाईडमधलं उत्तर उतरवून काढल्यासारखं झालं. विरह, नैराश्य हे शब्द तुला कार्ड न काढताही येत होतेच ना. कथेला ते लागतच नाहीत. कथेला लागतं की कोण कुठे उभं आहे, हातात काय आहे, पाठ कुणाकडे आहे, आणि हे सगळं चित्रात तुझ्यासमोर पडलेलं आहे.

पण आधी घरातलं मिटवू, कारण मागे कुणीतरी नाक मुरडतंय हे माहीत असलं की लिहिणं होत नाही.

सासूबाईंना सांग की हे पत्ते जन्माला आले ते खेळायला. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान, फेरारा इकडच्या दरबारांमध्ये लोक यांच्यावर डाव मांडायचे, आणि ती राजा, पोप, मृत्यू, सूर्य वगैरे चित्रं म्हणजे त्या डावातले हुकमाचे पत्ते. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले पत्ते आजही म्युझियममध्ये आहेत. भविष्य बघायचं वेड आलं ते खूप नंतर, अठराव्या शतकात. १७८१ मध्ये पॅरिसला कूर द जेबलँ नावाच्या एका विद्वानाने लिहून टाकलं की हे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे, पुरावा काही नव्हता, पण कल्पना अशी मस्त होती की लोकांनी ती सोडलीच नाही. म्हणजे त्याआधीची तीनशेहून जास्त वर्षं मुख्यतः खेळच चालू होता. आणि चित्रांचे पत्ते आपल्याला तरी कुठे नवीन आहेत, सावंतवाडीची गंजिफा बघ, गोल पत्ते, दशावतारी डावात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकी १२ म्हणजे १२० पत्ते, मासा, कासव, परशू अशी चित्रं, आणि तिथल्या राजवाड्यात अजूनही हाताने रंगवतात. देवांची चित्रं असलेल्या पत्त्यांवर डाव रंगायचे, त्याला कुणी अशुभ म्हटलं नाही. सासूबाईंना ही गंजिफा दाखवच, भीती बऱ्यापैकी उतरेल असं वाटतं.

तुझ्या भावाचं म्हणणं मात्र मी हलक्यात घेणार नाही, कारण त्याचं बरोबर आहे. कार्डाला काहीही माहीत नसतं. ७८ पत्ते आहेत, पिसून ओळीने तीन काढले तर ४,५६,४५६ वेगवेगळे क्रम होऊ शकतात, त्यातला एक तुझ्यासमोर येतो तो पिसल्यामुळे, बास. कुणाची इच्छा नाही, ग्रह नाहीत, संकेत नाहीत. आणि लिहिणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं गं, कारण आपण स्वतः निवडायला बसलो की दर वेळी तेच निवडतो, तीच खिडकी, तोच पाऊस, तीच आई स्वयंपाकघरात डोळे पुसणारी. पिसलेला पत्ता तुझ्या सवयीला विचारत नाही. तू मांजर मागशील, तो तलवार देईल, आणि आता या तलवारीचं करू काय या झटापटीत तुला स्वतःहून कधीच सुचलं नसतं असं काहीतरी सुचतं. हे भावाला असंच सांग, पटेल त्याला. फक्त ज्या दिवशी तू कथेऐवजी 'माझं प्रमोशन होईल का', 'नवरा असा का वागतो' हे त्या पत्त्यांना विचारायला लागशील त्या दिवशी डेक बांधून माळ्यावर टाक आणि भावाला फोन कर.

आणि 'आपली कथा असते का', तर हो, शंभर टक्के. इटालियन लेखक इटालो काल्विनोने आख्खं पुस्तक यावर उभं केलं, १९७३ मध्ये आलं ते. वाचा गेलेले प्रवासी एकत्र जमतात आणि बोलता येत नाही म्हणून टेबलावर टॅरोचे पत्ते मांडून आपापली हकिगत सांगतात. त्यात बघण्यासारखं हे की तोच पत्ता एकाच्या गोष्टीत एक सांगतो, दुसऱ्याच्या गोष्टीत भलतंच. अर्थ पत्त्यात नसतो, शेजारी कुठला पत्ता आहे आणि मांडणारा कोण आहे त्यावर ठरतो. तुझा डेक उद्या मी घेतला तर माझ्या हातून कोकणातलं घर निघणारच नाही.

आता चित्रांकडे ये. तुझ्याकडचा डेक १९०९ मध्ये लंडनला निघाला. वेट म्हणजे आर्थर एडवर्ड वेट, त्याने योजना केली, रायडर हे प्रकाशकाचं नाव, आणि जिने चित्रं काढली त्या पॅमेला कोलमन स्मिथचं नाव कितीतरी वर्षं कुणी घेतच नव्हतं, आता कुठे घेतात. लहानपणी काही वर्षं ती जमैकात होती, तिथल्या लोककथा ती लोकांसमोर रंगवून सांगायची, आणि लंडनच्या लायसियम थिएटरच्या मंडळींबरोबर तिने काम केलेलं, रंगभूमी तिने आतून बघितलेली. हे मी मुद्दाम सांगतेय. त्याच्या आधीच्या बहुतेक डेकमध्ये साध्या आकड्यांच्या पत्त्यावर नुसती मांडणी असायची, सहा तलवारी म्हणजे सहा तलवारी. हिने त्या चाळीसपैकी बहुतेक पत्त्यांवर माणसं उभी केली, प्रसंग काढले. गोष्ट सांगणाऱ्या, नाटकातल्या बाईने काढलेले ते सीन आहेत. तू ते सीन म्हणूनच बघ.

एक करून दाखवते. सिक्स ऑफ स्वोर्ड्स काढ आणि समोर ठेव, पुस्तिका दुसऱ्या खोलीत. एक होडी आहे. मागे नावाडी उभा, हातात लांब काठी, आपल्याला त्याची पाठ दिसते. पुढे एक बाई बसलीय, डोक्यावरून पांघरूण ओढून वाकलेली, तीही पाठमोरी. शेजारी लहान मूल. होडीत सहा तलवारी टोकं खाली करून उभ्या रोवलेल्या आहेत. होडीच्या एका अंगाला पाण्यावर लाटा आहेत आणि दुसरीकडे पाणी अगदी सपाट. पलीकडे किनारा. चित्रात तीन माणसं आणि एकाचंही तोंड दिसत नाही.

पुस्तिका सांगेल 'अडचणीतून सुटका, प्रवास'. ठीक आहे, असेल. पण मी बघते तेव्हा मला पहिला प्रश्न पडतो की घर सोडून चाललेली बाई तलवारी कशाला बरोबर घेते, वजन केवढं त्यांचं! आणि त्या होडीच्या तळात रुतलेल्या आहेत, म्हणजे उपटल्या तर भोकांतून पाणी आत येणार. काढूनही टाकता येत नाहीत. आता हे तुझ्या कथेत घे. बहीण त्या घरातून काय घेऊन निघते जे जड आहे, टोचतंय, पण काढून फेकलं तर तीच बुडेल? वडिलांनी तिला एकटीला सांगितलेलं भावाबद्दलचं काहीतरी असेल. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलंच नाही आणि ते तिला लग्नाआधीपासून माहीत होतं, असंही असेल. मला माहीत नाही, कथा तुझी आहे. पण रडणारी बहीण गेली ना? तिच्या जागी काहीतरी लपवून बसलेली बाई आली. आणि ते मूल बघ. तुझ्या कथेत लहान मूल नाहीच आहे. आण एक. बहिणीची मुलगी बरोबर येऊ दे त्या घरी, सगळ्यांसमोर ती एखादा साधा प्रश्न विचारू दे, आजोबांची खोली कुठली असा, आणि दोघांपैकी कुणीच पटकन उत्तर देत नाही. पुढचं पान तिथून सुरू होतं की नाही बघ.

मी नवीन लिहिणाऱ्यांना नेहमी सांगते की मेजरमधली, म्हणजे ती हुकमाची, २२ कार्डं सुरुवातीला बाजूला काढ आणि मायनरच्या, म्हणजे उरलेल्या चार संचांच्या, ५६ वर काम कर. टॉवर आला की लगेच कुणीतरी भूकंप घडवतं, डेव्हिल आला की व्यसनी नवरा येतो. मोठी चित्रं मोठ्या घटना मागतात. मायनरमध्ये माणसं होडीत बसतात, ओझी उचलतात, रात्री अंथरुणात उठून तोंड झाकून बसतात, आणि कथा बऱ्याचदा तेवढ्यावरच चालते.

आता महाभूतांचं, जिथे तुझी खरी गोची झालीय. वाँड्स अग्नी, कप्स पाणी, स्वोर्ड्स म्हणजे तलवारी वायू, पेंटॅकल्स म्हणजे नाणी पृथ्वी, हे कोष्टक १८८८ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या गोल्डन डॉन नावाच्या गूढविद्येच्या मंडळाकडून आपल्यापर्यंत आलं, वेट आणि पॅमेला दोघंही त्यात होते. मूळ पत्त्यांना याचा पत्ताही नव्हता. हे चार संच आले ते इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातल्या पत्त्यांवरून, त्यांवर पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असायच्या, युरोपात पोलो कुणाला ठाऊक नव्हता म्हणून त्या नुसत्या काठ्या झाल्या, आणि त्याच काठीला काहीशे वर्षांनी अग्नी चिकटला. काही डेकमध्ये तर काठीला वायू आणि तलवारीला अग्नी देतात. म्हणजे हा काही दगडावरचा लेख नाही. माणसांनी बसवलेली सोय आहे, तूही ती सोय म्हणूनच वापर.

आणि वापरायचं कसं, तर स्वभावाचं लेबल म्हणून नाही. अग्नी म्हणजे राग आणि पाणी म्हणजे अश्रू, हे कुणालाही पहिल्या सेकंदात सुचतं, म्हणूनच ते टाकून द्यायचं. तो पदार्थ करतो काय ते बघ. अग्नीला जळायला काहीतरी लागतं. मग तुझ्या भावाला विचार, तुझं सरपण काय रे? समजा तो दर मे महिन्यात गावी जातो, कौलं शाकारतो, पदरचे पैसे घालतो, गावात सगळे 'दादा आले, दादा आले' करतात. ते त्याचं सरपण. आता तो ओरडत नाही बघ, उलट उत्साहाने बोलतोय, सगळ्यांना चहा पाजतोय, घर कसं करायचं याचे बेत सांगतोय, आणि वाचणाऱ्याला हळूहळू कळतं की घर गेलं तर या माणसाला दादा म्हणणारं जगात कुणी उरत नाही. हा माणूस पेटलेलाच आहे, आवाज न चढवता.

पाण्याचंही तसंच. पाणी भांडत नाही, उतार शोधतं, भांड्याचा आकार घेतं, भिंतीत झिरपतं आणि एक दिवस भिंतच बसते. तर बहीण रडेल कशाला? ती प्रत्येक वाक्याला 'हो रे दादा, तुझं बरोबर आहे' म्हणेल, दादाच्या घरी दादासारखी, वहिनीजवळ वहिनीसारखी, आणि मधल्या मधे वकिलाला भेटून आलेली असेल. हे मी पाण्याकडे बघून लिहितेय, पुस्तिकेत हे कुठेही सापडणार नाही.

वायू दिसत नाही, तो जे हलवतो ते दिसतं. मग तुझे वडील वायू कर ना. त्यांचा फ्लॅशबॅक घालूच नको, एकही संवाद त्यांना देऊ नको, पण घरात सगळे अजून त्यांच्या हिशोबाने हलतात, पाच वाजले की कुणीतरी उठून चहा टाकतं, ओटीवरच्या त्या एका खुर्चीत कुणी बसत नाही, आणि हे का ते कुणी बोलत नाही. पृथ्वी म्हणजे तर घर आहेच, पण नुसतं घर म्हणून सोडून देऊ नको. पृथ्वी भार सोसते, धरून ठेवते आणि सोसवेनासं झालं की तडकते. त्या घराची किल्ली इतकी वर्षं कुणाकडे आहे? शेजारची काकू असेल, रोज संध्याकाळी येऊन दिवा लावणारी, अंगणातली कोकमं वेचून वाळत घालणारी. घर विकलं तर तिचं काय, हे दोघांपैकी एकानेही विचारलेलं नाही. मला विचारशील तर तुझ्या कथेतलं सगळ्यात ताकदीचं माणूस तीच आहे आणि ती अजून तुझ्या पानांवर आलेलीच नाही.

आणि एका माणसाला एकच महाभूत असतं असंही नाही. गोल्डन डॉनच्या कोष्टकात राण्या सगळ्या पाण्याच्या, त्यामुळे क्वीन ऑफ वाँड्स म्हणजे अग्नीच्या घरातलं पाणी. चित्रात बघ, एका हातात काठी, दुसऱ्यात सूर्यफूल, आणि पायाशी काळं मांजर समोर टक लावून बसलेलं. वहिनी लिहायची असेल तर हे कार्ड घे.

आता संघर्ष. गोल्डन डॉनवाल्यांच्या हिशोबात अग्नी-पाणी एकमेकांचे वैरी, वायू-पृथ्वी एकमेकांचे वैरी, बाकीच्या जोड्या जमवून घेतात. सगळे लिहिणारे धावतात ते वैऱ्यांकडे, तूही तेच केलंस, भाऊ अग्नी, बहीण पाणी, आता भांडा. वैर लिहायला सोपं आहे पण वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच सगळं कळून चुकतं. मी म्हणते जमणाऱ्या जोड्या घे. अग्नी आणि वायूचं फार छान जमतं आणि त्यातूनच वणवा होतो. भावाच्या प्रत्येक बेताला हवा देणारा एखादा मित्र, 'होमस्टे कर रे, लोन मी मिळवून देतो' म्हणणारा, तो भावाचा शत्रू नाहीये, त्याचं खरंच प्रेम आहे, आणि घर तोच घालवणार आहे. पाणी आणि पृथ्वी तर इतकी जमतात की चिखल होतो, कुणी हलतच नाही, एक समजून घेतंय, दुसरं सोसतंय, आणि वर्षानुवर्षं घर बंद. बहीण आणि ती काकू एकत्र बसल्या की नेमकं हे होईल. असा एक सीन लिही जिथे दोघी एकमेकींशी अतिशय चांगल्या वागतात आणि त्यामुळेच महत्त्वाचं बोलणं राहून जातं.

आता तू म्हणशील आपली तर पंचमहाभूतं, इथे चारच कशी. ग्रीकांची ही चार, एम्पेडोक्लीजने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात मांडलेली, टॅरोत तीच आली. आकाशाला टॅरोत संच नाही आणि तू तो ओढूनताणून बसवू नको, दोन्ही पद्धती वेगळ्या आहेत. पण आपली पाच वेगळी ठेवून वापरलीस तर सीन भरायला त्यासारखं दुसरं काही नाही. आकाशाचा गुण शब्द म्हणजे आवाज, वायूचा स्पर्श, तेजाचा रूप, आपाचा म्हणजे पाण्याचा रस म्हणजे चव, पृथ्वीचा गंध. तैत्तिरीय उपनिषदात क्रम दिलाय, आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, मग आप, मग पृथ्वी, आणि परंपरेने सांगतात की पुढचं प्रत्येक महाभूत मागच्यांचे गुण घेऊन त्यात स्वतःचा एक वाढवतं. म्हणून आकाशात नुसता आवाज आणि पृथ्वीत पाचही.

या क्रमाने बंद घराचं दार उघड. आधी फक्त आवाज, गंजलेली कडी, ती निघत नाही, आतून काहीतरी पळाल्याची खसखस. मग हात, दाराच्या फळीचा दमटपणा, भिंतीला टेकल्यावर तळव्याला लागलेला चुना. मग डोळे, कौल सरकलंय तिथून आत आलेला उन्हाचा कवडसा, त्यात धूळ. मग चव, विहिरीचं पाणी काढून प्यायलं, ते तसंच लागतं, किंवा तसं लागत नाही. आणि वास सगळ्यात शेवटी, कुबट ओल, त्यात कुठेतरी जुन्या आमसुलांचा आंबट वास, आणि इथे माणूस पुरता घरात आला. आपण एरवी पहिल्याच ओळीत वास टाकून मोकळे होतो, मग पुढे चढायला काही उरत नाही. प्रत्येक सीनला असं करू नकोस, कंटाळवाणं होईल, पण कथेतल्या या एका सीनला करच.

डेथचं सांगते. नाही, बहिणीला मारू नको. चित्र बघ, काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर, हातात काळं निशाण आणि त्यावर पांढरं फूल. राजा आडवा पडलाय, मुकुट बाजूला. धर्मगुरू हात जोडून उभा. एक तरुण मुलगी गुडघ्यावर, तिने तोंड फिरवलंय. आणि एक लहान पोर, ते सरळ घोड्याकडे बघतंय. लांब मागे दोन बुरुज आणि त्यांच्यामध्ये सूर्य. म्हणजे एकच गोष्ट घडलीय आणि चार माणसं चार तऱ्हेने तिच्यासमोर आहेत. तुझ्या कथेत मृत्यू आधीच झालेला आहे, वडिलांचा! तेव्हा हे कार्ड घेऊन एवढंच ठरव की त्या मृत्यूसमोर कोण आडवं झालं, कोण हात जोडून गयावया करतंय, कोण तोंड फिरवतंय आणि कोण सरळ बघतंय. बहिणीसाठी कार्ड काढलं होतंस ना, मग तोंड फिरवलेली मुलगी ती आहे का ते तपास, माझा कौल तिकडेच आहे.

बसायची पद्धत फार काही नाही. मेणबत्त्या, उदबत्ती, रेशमी रुमाल यातलं काही नको, आवडत असेल तर लाव पण त्याने लिखाण होत नाही. एक कार्ड काढ, दहा मिनिटं वहीत फक्त जे दिसतंय ते लिही, विशेषणं न लावता, 'उदास बाई' असं नाही, 'वाकलेली बाई' असं. भूत-वर्तमान-भविष्य ही तीन कार्डांची मांडणी भविष्य बघणाऱ्यांची आहे, ती सोड. पात्रासाठी तीन काढायची असतील तर एक त्याला काय हवंय यासाठी, दुसरं कोण आड येतंय, तिसरं तो कुणाला काय सांगत नाहीये. आणि आलेलं कार्ड पटलं नाही म्हणून बदलायचं नाही, हे फार महत्त्वाचं आहे, कारण न पटणारं कार्डच तुझ्या सवयीला धक्का देतं. मनासारखं येईपर्यंत काढत बसलीस तर परत तीच खिडकी आणि तोच पाऊस. मात्र दहा मिनिटं प्रामाणिकपणे बघून काहीच झालं नाही तर त्या दिवशी कार्डाशिवाय लिही. तासभर कार्डं पिसणं हेही लिखाण टाळण्यासारखंच आहे, आणि ते टाळणं फार गोड लागतं म्हणून सावध करतेय.

कथा झाली की पत्त्यांच्या खुणा पुसून टाक. होडी, तलवारी, पांढरा घोडा यातलं काही कोकणातल्या घरात दिसायला नको, आणि 'ती पाण्यासारखी होती' हे वाक्य तर अजिबात नको. संपादकांना पत्रात टॅरोचं सांगायचीही गरज नाही.

उलट्या कार्डाचं विचारलंयस. सरळ करून ठेव. उलटं आलं की अर्थ बदलतो हे भविष्य सांगणाऱ्यांचं काम, तुला चित्र बघायचंय, आणि डोक्यावर उभी राहिलेली होडी नीट दिसत नाही.